घरी रुग्णाची काळजी घेताना: केअरटेकर नेहमी विचारतात ते प्रश्न

घरी राहून रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांना मी शिकवते. त्याआधी वॉर्डात नर्स होते. वर्ग संपल्यावर दारात थांबवून, नाहीतर ड्युटीवरून हळू आवाजात फोन करून विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे केअरटेकरचे आहेत, काही घरच्यांचे. तुमच्या पेशंटला डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच करा; त्यांनी पेशंट तपासलेला आहे, मी नाही.

१. केअरटेकरने काय करायचं आणि कुठे थांबायचं?

अंघोळ, तोंडाची स्वच्छता, कपडे, भरवणं, उठवणं-बसवणं, चालवणं, शी-शू, कूस बदलणं, औषधाच्या वेळा सांभाळणं आणि दिवसभरात जे बदललेलं दिसेल ते लिहून ठेवणं, हे तुमचं काम. इंजेक्शन, सलाईन, जखमेचं ड्रेसिंग, नळी घालणं किंवा काढणं, डोस कमी-जास्त करणं हे तुमचं नाही. नळीतून फीड (पातळ अन्न) देण्यासारखं एखादं काम नर्सने शिकवून, समोर तुमच्याकडून करून घेऊन सोपवलं असेल, तर तेवढंच करा. "रोज बघता की तुम्ही, एवढं एक टोचून टाका" असं घरचे अगदी विश्वासाने म्हणतात. तरी "मला हे शिकवलेलं नाही, नर्सना बोलवू या" असं सरळ सांगा. त्यात कमीपणा काहीच नाही.

२. पहिल्या दिवशी काय काय विचारून घ्यायचं?

आजार कोणता, कशाची अ‍ॅलर्जी, गिळायला त्रास होतो का, आधी कधी पडले होते का, कुठली बाजू कमजोर, औषधांची ताजी यादी, अडचणीत पहिला फोन कोणाला. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी कुठे ठेवतात हे नक्की विचारा. कानाचं यंत्र कपाटात पडलेलं असतं आणि घरचे म्हणतात, "ह्यांना आता काही समजत नाही." खूप आजारी माणूस असेल तर श्वास किंवा हृदय थांबल्यास काय करायचं याबद्दल डॉक्टर आणि कुटुंबाचं काही ठरलंय का, तेही पहिल्याच दिवशी माहीत हवं. आणि काही गोष्टी घरच्यांना नाही, पेशंटलाच विचारायच्या: झोपताना दिवा चालू की बंद, कुठल्या कुशीवर बरं वाटतं, हाक कशी मारू.

३. पेशंटला आजी, आजोबा, काका म्हटलं तर चालतं ना?

त्यांनाच विचारा. पुष्कळांना आवडतं. पण माझ्या एका पेशंट शिक्षिका होत्या. आयुष्यभर सगळे त्यांना 'बाई' म्हणत आले. पाय मोडून अंथरुणाला खिळल्या त्या दिवसापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना 'आजी' म्हणू लागला. "पायाबरोबर माझं नावही गेलं," असं त्या मला म्हणाल्या. पुढच्या दिवसापासून मी 'बाई' म्हणायला लागले.

अहो-जाहो मात्र सोडायचं नाही, माणूस बेशुद्ध असला तरी. आणि ते "चला, आपण शू करू या", "आपण गोळी घ्यायची हं" असं बोलणं. ते मायेनेच निघतं, मला माहीत आहे. पण लहान मुलांशी बोलतात तसं आपल्याशी बोललं जातंय हे मोठ्या माणसाला कळतं आणि लागतं. "गोळीची वेळ झाली. आत्ता देऊ की पाच मिनिटांनी?" असं विचारलं तर निदान ती पाच मिनिटं तरी त्यांच्या मर्जीची होतात. त्यांच्या डोक्यावरून घरच्यांशी "आज ह्यांना पोट साफ झालं नाही" असं बोलू नका. बाहेर जाऊन सांगा, नाहीतर त्यांना बोलण्यात घ्या.

४. ग्लोव्हज घातले तर हात धुवायची गरज काय?

गरज आहे, घालण्याआधी आणि काढल्यावरही. ग्लोव्हजला बारीक छिद्रं असू शकतात आणि काढताना हात खराब होतात. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबणच हवा. पेशंटला हात लावण्याआधी व नंतर, भरवण्याआधी, कुठल्याही नळीला हात लावण्याआधी, शी-शू-रक्त-थुंकी साफ केल्यावर, आणि त्यांचं अंथरूण किंवा टेबल आवरल्यावर.

चूक कुठे होते ते सांगते. डायपर बदलला, त्याच ग्लोव्हजने पांघरूण सारखं केलं, मग दाराची मूठ, मग पाण्याचा ग्लास. घाणीचं काम संपलं की ग्लोव्हज तिथेच काढायचे.

५. अंघोळ घालताना पेशंट लाजतात, आम्हालाही अवघडल्यासारखं होतं. काय करावं?

दार आणि पडदा आधी बंद. अंगावर चादर असू द्या आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. पुसून, कोरडा करून, झाकून मग पुढचा. प्रत्येक वेळी आधी सांगा, मग हात लावा: "आता पाठ पुसते", "आता कूस बदलू या". ज्यांचे हात चालतात त्यांच्या हातात ओला रुमाल द्या, गुप्त भाग ते स्वतः पुसतील, तुम्ही पाठ करून उभे राहा. तुम्हीच पुसणार असाल तर बायकांना नेहमी पुढून मागे, म्हणजे लघवीच्या जागी जंतू जात नाहीत. पुरुष की स्त्री मदतनीस हवी, हे पेशंटलाच विचारावं आणि जमेल तितकं पाळावं.

पाणी अंगाच्या तापमानाच्या जवळपास, ३७-३८ अंश. मनगटाच्या आतल्या बाजूने किंवा कोपराने तपासा. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ असते, आणि मधुमेहात पायाची जाणीव गेलेली असेल तर चटका बसला तरी ते ओरडत नाहीत. मधुमेहींच्या पायाची बोटं मधून कोरडी करा. त्यांची पायाची नखं तुम्ही कापू नका, त्याबद्दल डॉक्टरांना किंवा नर्सना विचारा.

कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी.

६. पेशंट अंघोळीला "नाही" म्हणतात, घरचे म्हणतात "घालाच". कोणाचं ऐकायचं?

त्या क्षणी पेशंटचं. जबरदस्तीने घातलेल्या अंघोळीत माणूस घसरतो, ओरबाडतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला बघूनच आखडतो. कारण शोधा. थंडी वाजते, सांधे दुखतात, न्हाणीघरात पडायची भीती वाटते, लाज वाटते. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. वेदनेची गोळी लिहून दिली असेल तर तिच्यानंतरची वेळ धरा. तरीही नको असेल तर त्या दिवशी तोंड, काखा आणि गुप्त भाग एवढं पुसलं तरी पुरतं. वहीत तसं लिहा. रोज रोज नकार येऊ लागला तर मात्र घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. आतून काहीतरी दुखत असतं किंवा मन खचलेलं असतं. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटसाठी प्रश्न १३ पाहा.

७. बेडसोअर (एकाच जागी दाब राहून होणारी जखम) होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं?

याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण झाल्यावर भरायला महिने लागतात.

अंथरुणावर साधारण दर २ तासांनी कूस बदलायची, रात्रीही. खुर्चीत बसलेल्या माणसाचा भार दर १५ ते ३० मिनिटांनी हलवायचा. पूर्ण कुशीवर नको, कारण मग सगळं वजन कमरेच्या हाडावर येतं. पाठीमागे उशी लावून ३० अंशांइतकं कललेलं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा गादीपासून सुटतील. उशीखालून हात घालून पाहा, टाच खरंच अधांतरी आहे का. वर सरकवायचं असेल तर ओढू नका, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवा. चादरीची चुणी, अंथरुणात राहिलेलं बटण, अंगाखाली आलेली कॅथेटरची (लघवीसाठी घातलेली) नळी, यातलं काहीही जखम करू शकतं. ओला डायपर तसाच ठेवू नका.

रोज अंग पुसताना माकडहाड, कंबर, टाचा, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग, कानाच्या पाळ्या नीट बघा. लाल डाग दिसला तर बोटाने हलकेच दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं, तर तिथला भार काढून लक्ष ठेवा. दाबूनही लालच राहिलं तर जखमेची सुरुवात झाली आहे, त्याच दिवशी कळवा. सावळ्या त्वचेवर लाली दिसतच नाही कधी कधी. तिथे जांभळट छटा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणं ही खूण.

लाल जागा चोळू नका, आतलं नुकसान वाढतं. रिंगसारखी उशीही नको, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो. आणि एअर बेड आला म्हणून कूस बदलणं थांबवायचं नसतं. हा गैरसमज घरोघरी आहे.

८. पेशंटला एकटीने उठवून खुर्चीत कसं बसवायचं?

आधी ठरवा, एकटीने जमणारं आहे का. पेशंट पायावर भार घेऊ शकत नसेल किंवा तुमचं म्हणणं त्यांना समजत नसेल तर एकटीने नाही. तुमची पाठ गेली तर दोघेही अडकलात.

जमणारं असेल तर खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला, पलंगाला लागून ठेवा. चाकाची खुर्ची असेल तर दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. पायात न घसरणारी चप्पल. पलंगाच्या कडेला बसवून एक-दोन मिनिटं थांबा, कारण एकदम उभं केलं की चक्कर येते. कमरेला ट्रान्सफर बेल्ट बांधून तो धरा. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, तुमच्या पायांत अंतर ठेवून उभे राहा. "तीन म्हटल्यावर उठायचं" असं आधी सांगा आणि मग मोजा.

काखेत हात घालून किंवा हात ओढून कधीच उठवू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी घाईत हेच केलं. उजवी बाजू लुळी पडलेले एक गृहस्थ होते, वाचाही गेलेली. मी त्यांना उजव्या काखेतून उचललं. ते काही बोलले नाहीत, बोलू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी सदरा घालताना त्यांचा चेहरा आखडला आणि डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कळलं खांदा निखळलाय. लकव्याच्या बाजूचे स्नायू सांध्याला धरून ठेवत नाहीत, हे मला शिकवलं होतं आणि तरीही मी विसरले. तेव्हापासून बोलू न शकणाऱ्या माणसाला उठवताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते.

९. भरवताना ठसका लागतो. पाणी देऊ का?

ठसका चालू असताना पाणी नको, तेही श्वासनलिकेत जाऊ शकतं. थांबा, किंचित पुढे वाकवा, खोकू द्या.

भरवताना माणूस जवळजवळ ताठ बसलेला आणि पूर्ण जागा हवा. तुम्ही समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. उभं राहून भरवलं की मान वर होते आणि घास चुकतो. लहान चमचा, लकवा असेल तर तोंडाच्या चांगल्या बाजूला. एक घास गिळलेला बघा, मग दुसरा. संपल्यावर गालात काही साठलंय का पाहा, तोंड साफ करा आणि निदान ३० मिनिटं आडवं करू नका. नळीतून फीड असेल तर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर, फीड चालू असताना आणि नंतरही. नळीवरची खूण सरकलेली दिसली तर फीड थांबवा आणि नर्सना फोन करा.

जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, किंवा वारंवार ताप येत असेल तर डॉक्टरांना सांगा. काही जणांचं अन्न ठसका न लागताच फुप्फुसात जातं.

आवाजच निघत नाही, श्वास घेता येत नाही, चेहरा निळा पडतोय असं झालं तर ठसका नव्हे, घुसमट आहे. पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ जोरकस थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे ५ दाब, आळीपाळीने. दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा.

१०. गोळी गिळता येत नाही. कुटून दिली तर?

विचारल्याशिवाय नाही. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की पूर्ण डोस एकदम अंगात जातो. काहींचं आवरण पोट सांभाळण्यासाठी असतं. डॉक्टरांकडून पातळ औषध मिळतं का बघा. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका, विचारा. आणि पेशंटला न सांगता अन्नात गोळी लपवणं: "घरच्यांनी सांगितलं" एवढ्यावर ते करू नका. तो निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा असतो.

११. कॅथेटरची पिशवी कुठे ठेवायची?

नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. चाकाच्या खुर्चीवरून नेताना ती मांडीवर ठेवतात; मग साठलेली लघवी उलट मूत्राशयात जाते. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी ओढली जाऊ देऊ नका, मध्ये जोड उघडू नका. लघवी थांबली, लाल किंवा गढूळ झाली, थंडी वाजून ताप आला तर लगेच कळवा.

१२. कुठल्या वेळी घरच्यांची वाट न बघता रुग्णवाहिका बोलवायची?

चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळलं: लकवा. किती वाजता शेवटचे ठीक दिसले ते लिहा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. छातीत दाब, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव यांतही थांबू नका.

मधुमेही एकदम घामाघूम, थरथरते किंवा विचित्र वागायला लागले तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर ३-४ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका.

पडले असतील तर झटकन उचलू नका. शेजारी बसा, कुठे दुखतं विचारा, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं असेल तर ते हसत बोलत असले तरी रुग्णालयात न्या. रक्तस्राव आत, सावकाश होत असतो.

१३. स्मृतिभ्रंशाचे पेशंट सारखं "मला घरी जायचंय" म्हणतात. हेच तुमचं घर, असं समजावू का?

एकदा सांगून बघा. पटलं नाही तर वाद घालू नका. ते पत्ता विचारत नसतात, त्यांना असुरक्षित वाटत असतं. "घरी कोण कोण असतं?" असं विचारून त्यांना बोलू द्या, हात धरून चार पावलं चालवून आणा. तहान, शू लागणं, दुखणं, काळोख यांमुळेही हे सुरू होतं, ते आधी बघा. एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला तर वय झालं म्हणून सोडू नका. बहुतेकदा संसर्ग, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध कारण असतं. डॉक्टरांना कळवा.

१४. नळी ओढू नये म्हणून रात्री हात बांधले तर चालेल का?

नाही. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, त्यात कातडी सोलते, श्वास अडकू शकतो, घाबरणं दुप्पट होतं. नळी का टोचतेय ते बघा, ती कपड्याखालून घ्या, हातात मऊ रुमाल द्या, जवळ बसा. तरीही जमत नसेल तर नळी खरंच हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगाचे दांडेही सगळ्यांना सुरक्षित नसतात. गोंधळलेला माणूस त्यावरून चढून जास्त उंचावरून पडतो किंवा फटीत अडकतो. पलंग खाली करून ठेवणं पुष्कळदा बरं.

१५. पेशंट शिव्या देतात, नको तिथे हात लावतात. सहन करायचं का?

आजारपणामुळे होत असेल तरी सहन करणं तुमच्या कामात बसत नाही. हात बाजूला करा, ठाम आणि शांत आवाजात "हे चालणार नाही" म्हणा, पेशंट सुरक्षित असतील तर खोलीबाहेर या. उलट हात उगारू नका. त्याच दिवशी घरच्यांना आणि तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेला सांगा, तारखेसकट लिहा. कुटुंबातल्या कोणाकडून असं झालं तर घर सोडून बाहेर पडा आणि मग फोन करा.

१६. पेशंटसोबतचा फोटो स्टेटसला ठेवला तर काय बिघडलं?

डायपर घातलेला, नाकात नळी असलेला आपला फोटो दोनशे लोकांनी पाहावा असं कोणालाच वाटत नाही. ठेवू नका. जखमेचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा असेल तर आधी परवानगी घ्या, चेहरा येऊ देऊ नका, पाठवल्यावर फोनमधून काढा. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरी सांगणं हेही तसंच. घरच्यांसाठी: खोलीत कॅमेरा लावला असेल तर पेशंटला आणि केअरटेकरला सांगा, आणि अंघोळ-कपडे बदलणं त्यात दिसू देऊ नका.

१७. पेशंट पैसे किंवा दागिना देतात, नाही म्हटलं तर रडतात. घ्यावं का?

नाही. "तुम्ही मनापासून दिलंत, मला पोचलं" म्हणा आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा. त्यांच्या एटीएमचा पिन घेऊ नका, कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नका. सामान आणायला पैसे दिले तर पावती वहीला लावा.

१८. घरचेच पेशंटला मारतात किंवा उपाशी ठेवतात असं वाटतंय.

दंडावर बोटांचे वळ, वेगवेगळ्या दिवसांच्या जखमा, एखादी व्यक्ती खोलीत आली की अंग चोरणं, या खुणा. काय दिसलं आणि पेशंट काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा. अंदाज लिहू नका. स्वतः जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग नंतर पेशंटवर निघतो. संस्थेला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा, जीवाला धोका असेल तर पोलिसांना. "कोणाला सांगू नका" असं पेशंट म्हणाले तर खोटं वचन देऊ नका. कोणाला आणि का सांगणार आहात ते त्यांना सांगा.

१९. कामात मला सुई टोचली तर?

जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. हे टळावं म्हणून वापरलेल्या सुईला झाकण परत लावू नका, ती जाड डब्यात टाका.

२०. माझ्या हातून चूक झाली, गोळी दुसरीच दिली. सांगितलं तर काम जाईल.

जाऊ शकतं, ते मी नाकारत नाही. तरी आत्ताच फोन करा. काय, किती, केव्हा हे डॉक्टरांना वेळेत कळलं तर बहुतेक वेळा काहीतरी करता येतं, आणि पेशंटला त्याची गरज आत्ता आहे. घरच्यांनो, तुम्हीही हे वाचत असाल तर: चूक सांगणाऱ्या केअरटेकरवर ओरडलात, तर पुढची चूक तुम्हाला कळणार नाही.

२१. शेवटचे दिवस आहेत असं डॉक्टर म्हणाले. आता आम्ही काय करायचं?

खायचा आग्रह थांबवा. शरीर अन्न मागत नसतं, आणि जबरदस्तीचा घास छातीत जातो. ओठ आणि तोंड ओल्या बोळ्याने वारंवार ओलं करा, कुशीवर ठेवा. श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होईल, घशात घरघर येईल, हातपाय गार पडतील. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरतात. वेदना दिसल्या, कपाळाला आठी आली, कण्हणं वाढलं तर डॉक्टरांना फोन करा. वेदनेवर शेवटपर्यंत औषध असतं. ऐकू येणं उशिरापर्यंत टिकतं असं धरून चाला, खोलीत त्यांच्याविषयी नाही, त्यांच्याशी बोला.

श्वास थांबला की वेळ बघून लिहा. डॉक्टरांना बोलवा आणि ते येईपर्यंत नळ्या काढू नका. घरच्यांना जवळ बसू द्या. अंग पुसायचं झालं तर कोणाला सोबत हात लावायचाय का ते विचारा. पुष्कळदा एखादी मुलगी किंवा नातू पुढे येतो. तेव्हाही अंगावर चादर ठेवा आणि कूस बदलताना सांगून बदला. निघताना उरलेली औषधं मोजून घरच्यांच्या हाती द्या आणि नोंदवही त्यांच्याकडे ठेवा.